उशीर धरूनच

काल दुपारी पावण्यांना सोडायला कुडाळ स्टेशनला गेलो, आम्ही नेहमीसारखे तासभर आधी, मग काय, बाकड्यावर बसून फोनवर पावसाळी वेळापत्रक चाळत होतो. कोकण रेल्वेची ही गोष्ट मला जाम आवडते, उशीर आधीच छापून टाकायचा! धो धो पावसात पुढचं दिसेनासं झालं की ताशी 40 च्या वर जायचं नाही, रुळांवर माणसं गस्त घालणार, हे सगळं धरूनच वेळा लावलेल्या. नाहीतर बराचसा मार्ग एकेरी, एक गाडी अडली की समोरची क्रॉसिंगला ताटकळणार. आमची आई पण हेच करायची, लग्नाला अकराला निघायचं असलं की बाबांना साडेनऊ सांगायची.

बाबा वस्तीच्या एसटीने यायचे. चढावावर गिअर बदलल्याचा आवाज आला की आई भाताचं आधण ठेवायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपणार आणि सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघणार, म्हणजे रात्रीची आली नाही की सकाळची पण गेली, कॉलेजची पोरं, दूधवाले, कोर्टात तारीख असलेले भाऊबंद, सगळ्यांचा खोळंबा.

एकदा श्रावणात आवाज आलाच नाही. नऊ वाजले, दहा वाजले, शेवटी काका नि मी बॅटरी घेऊन कॉजवेपर्यंत गेलो. पाणी वरून चाललेलं आणि पलीकडे गाडी उभी, आतले दिवे चालू. लोक ड्रायव्हरला चढवत होते, अरे गुडघाभर तर पाणी, घाल पुढे. तो सीटवरून उतरून दगडावर जाऊन बसला, विडी पेटवली आणि म्हणाला, "रस्तो दिसल्याशिवाय गाडी हलूची नाय." पहाटे तीनला पाणी उतरलं. सकाळची सहाची मात्र सहालाच सुटली, त्याचे डोळे लालभडक.

शाळेत मी आठवडाभर त्याची नक्कल करून दाखवत होतो, भित्रा ड्रायव्हर म्हणून. पोरं हसायची.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. बातमी बघताना मला पहिल्यांदा तो दगड आठवला, आणि ती विडी.