पत्र्याचं ऊन प्लेटवर

मे महिना, चिकलठाण्यातली पत्र्याची शेड, दुपारचे साडेबारा. फिल्म कूलिंगची, म्हणजे छिद्रांतून सोडलेल्या गार हवेच्या पातळ थराने गरम प्रवाहातला पृष्ठभाग गार ठेवण्याची चाचणी. ब्लोइंग रेशो, म्हणजे गार हवेच्या घनता गुणिले वेगाचं मुख्य गरम हवेच्या घनता गुणिले वेगाशी गुणोत्तर, 0.5 ठेवला होता. एवढ्यावर छिद्रातली गार हवा प्लेटला चिकटूनच वाहायला हवी. थर्मल कॅमेऱ्यात मात्र छिद्रांच्या मागे सहा ते नऊ व्यासांवर गरम पट्टा दिसत होता. जेट, म्हणजे छिद्रातला झोत, प्लेट सोडून वर उठला की साधारण असंच चित्र येतं, पण 0.5 ला तो उठायचं काही कारण नाही.

प्लेट अ‍ॅक्रिलिकची. धातूची घेतली तर उष्णता आडवी पसरते आणि फिल्मचा ठसा पुसला जातो. छिद्रं 5 मिमीची, 30 अंशांत तिरपी, मध्यापासून मध्यापर्यंत 15 मिमी. मुख्य हवा 65 अंश, गार हवा 35. ही 35 प्लेनममध्ये (छिद्रांना गार हवा पुरवणाऱ्या पेटीत), छिद्राच्या तोंडाशी मोजायची. व्हॉल्व्हपाशी मोजली तर पुढचा उन्हातला पाइप तिला आणखी तापवतो आणि हिशेब बिघडतो. आमच्याकडे पाइप पाण्याच्या टाकीतून फिरवल्याशिवाय मेमध्ये 35 मिळतच नाही!

मुख्य हवेतून प्लेटचं तापमान वजा करायचं आणि मुख्य व गार हवेतल्या फरकाने भागायचं, की फिल्मची परिणामकारकता मिळते; 1 म्हणजे प्लेट गार हवेइतकी गार, 0 म्हणजे काहीच फायदा नाही. पट्ट्यात कॅमेरा 56 दाखवत होता, म्हणजे 0.30. त्याच जागी बसवलेलं थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) 53 सांगत होतं, म्हणजे 0.40. तीन अंशांत पाव हिस्सा गेला.

गार हवा बंद केली, पट्टा तिथेच. म्हणजे फिल्मचा दोष नाही. कॅमेऱ्यासाठी प्लेटला दिलेला काळा रंग कुठे उडाला असेल असं वाटलं, म्हणून कॅमेरा चार बोटं सरकवला. त्याबरोबर पट्टाही प्लेटवर सरकला. रंग असा सरकत नाही.

कॅमेरा वरून, झिंक सेलेनाइडच्या खिडकीतून बघतो. साध्या काचेतून कॅमेऱ्याच्या अवरक्त तरंगलांबीला काही दिसत नाही. आमची खिडकी बिनकोटिंगची, जेमतेम 70 टक्के आरपार सोडणारी. उरलेलं बहुतेक परावर्तन. तिच्यात डोक्यावरचा तापलेला पत्रा दिसत होता. सकाळी आठच्या चाचण्यांत पट्टा नव्हता, तो यामुळेच.

लेन्सपासून खिडकीपर्यंत काळ्या फेल्टची बाही शिवून घेतली, कॅमेरा थोडा कलता बसवला आणि थर्मोकपलशी जागेवरच पुन्हा कॅलिब्रेशन केलं. दुपारचे आधीचे सगळे नकाशे बाद.

मग रेशो 1.0 केला. छिद्रामागे लगेच परिणामकारकता पडली आणि पुढे थोडी सावरली. हा जेट खरोखर उठलेला होता, आणि थर्मोकपलही तेच सांगत होतं.