गोठ्यातली दोन दावी

२४ मार्च २०२४, होळी

होम पेटला, फाका सुरू झाल्या, पोरं नाचली. मी मात्र पाठ फिरवून उभा होतो. मागच्या मंगळवारी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, वणवा आला आणि आमची गवताची उडवी तासाभरात राख झाली. ६० भारे होते. आबा, मी आणि ही, तिघांनी ऑक्टोबरात कापून वाळवलेले. त्यातले २० भारे तेवढे खाली घरामागे आणले होते, बाकीचे पुढे आणू म्हणून वरच ठेवले. दरवर्षी उडवीभोवती दहा हात गवत साफ करतो. यंदा तेही राहिलं. चूक माझी आहे. आबांनी अजून एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि तेच मला जड जातंय.

गवत मुळात कमीच होतं. गेल्या ऑगस्टात पाऊस असा दडला की १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. कातळावर माती ती केवढी, चार बोटं. आठ दिवस ऊन तापलं की गवत जागच्या जागी पिवळं पडतं. सप्टेंबरात पाऊस परतला, पण गुडघाभर गवताची कंबरभर वाढ काही झाली नाही. भातही पोसवताना हललं, त्यामुळे भातेण, म्हणजे भाताचा पेंढा, नेहमीच्या निम्म्याने.

३१ मार्च

आज हिशेब मांडला. दावणीला सहा जनावरं. गंगी आणि सोनी या दोन जर्सी संकरित गाई, २०२१ साली कर्ज काढून घाटावरून आणलेल्या. कपिली आमची गावठी गाय आणि तिची पाडी. पवळ्या आणि बाळ्या हे बैल.

बादल्या मोजल्या. गंगीला दिवसाला पाच-सहा बादल्या लागतात, सोनीला पाच. कपिली दोन-अडीच बादल्यांत भागवते. ती जेमतेम कमरेएवढी, तांबूस, खूर दगडासारखे, दूध दोन वेळचं मिळून दीड-दोन लिटर. पण फणसाचा पाला टाका, करवंदीच्या जाळीत सोडा, ती आपलं आपण बघते. या जातीला ‘कोकण कपिला’ म्हणून आता सरकारी नोंद मिळाली आहे. आबांना ते सांगितलं तर म्हणाले, “नोंद नव्हती तेव्हा ती काय गाय नव्हती?”

विहिरीत कळशी बुडेल एवढंच पाणी. पऱ्या, म्हणजे आमचा ओढा, शिमग्याआधीच आटला. धनगरवाड्यावर टँकर येतो, पण तो माणसांसाठी. गुरांचं पाणी कुठल्या कागदात धरलेलं नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्या दगडातून तो झिरपतो, उतारावरून पळतो आणि खाडीतून समुद्राला मिळतो. एप्रिल आला की विहिरीच्या काठावर आम्ही रांगेत उभे.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. जेवणं झाल्यावर आबांना म्हटलं, जर्सी विकूया.

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “बहात्तर साली रेशनवर मिलो ज्वारी आली, ती खाल्ली. पण आपल्या दावणीचं जनावर नाही गेलं. तेव्हा विहिरीला पाणी होतं. दुष्काळ घाटावर होता.”

दुष्काळ हा आमच्याकडे घाटावरचाच शब्द. आम्ही ‘टंचाई’ म्हणतो. गेल्या ऑक्टोबरात सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात कोकणातला एकही नव्हता. मला त्याची तक्रारही नव्हती. टंचाई म्हटलं की मे संपेपर्यंत कळ काढायची, पाऊस येतोच, असंच लहानपणापासून ऐकलंय. त्याच भरवशावर जानेवारीत गुरं विकत घ्यायला दारात आलेल्या हेड्याला मी परत पाठवला. दोन्ही गाईंचे मिळून ९० हजार देत होता. गाई अंगाने भरलेल्या होत्या, उडवी रचलेली होती, कशाला विकायच्या?

२२ एप्रिल, रात्री उशिरा

वडगावच्या बाजारातून आलो. झोप येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

रात्री एकला पिकअप आली. मागे वाळू टाकून वर भातेण पसरलं, म्हणजे घाटात पाय घसरायला नको. डॉक्टरांचा दाखला खिशात. गंगी चढली. सोनी फळीवर पाय ठेवेना. शेवटी हिने पुढे उभं राहून पेंडेचं घमेलं दाखवलं तेव्हा वर आली. ही मग घरात निघून गेली, गाडी सुटताना बाहेर आली नाही.

हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, धूळ आणि खड्डे. आंबा घाटात ड्रायव्हरने गाडी अगदी हळू घेतली, त्याचे उपकार. उजाडता उजाडता बाजारात पोचलो. आधी दोघींना पाणी पाजलं.

बाजार भरलेला होता, पण घेणाऱ्यांनी नव्हे. वडगाव ज्या हातकणंगले तालुक्यात येतं, तोच त्या ४० तालुक्यांच्या यादीत आहे. कडबा महाग, ऊस तुटून गेलेला, त्यामुळे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, तेही नाहीत. गायीच्या दुधाचा दर हिवाळ्यापासून पडलेला, एवढा की सरकारला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. ज्याच्या घरी चारा नाही तो विकायला आलेला आणि ज्याने घ्यायचं त्याच्याही घरी चारा नाही. हे सगळं मला घरी बसून माहीत होतं. पण रांगेत आपली गाय धरून उभं राहिलं की ते पोटात कळतं. माझ्या डावीकडे चौदा संकरित गाई होत्या. मी मोजल्या.

शेजारी खानापूर तालुक्यातला एक शेतकरी होता. “पावनं, कोकणातनं आलासा?” त्याने विचारलं. हो म्हटलं. “तिकडं कसला दुष्काळ? तुमच्याकडं समुद्र हाय की!” तो चिडवत नव्हता, खरंच विचारत होता. मला काही सांगता येईना. वणवा म्हणू, कातळ म्हणू, विहीर म्हणू? त्याने दोन वर्षांत तीन गाई विकल्या होत्या, ही चौथी. दुपारी त्याने भाकरी आणि ठेचा काढला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

गिऱ्हाईक येई, गंगीचा जबडा उघडून दात बघे, कासेला हात लावी, चारी सडांतून एकेक धार काढून तळहातावर बघे. “कितव्या वेताची?” तिसऱ्या. “गाभण?” चार महिने. “फासळ्या दिसत्यात मालक.” दिसतच होत्या. जानेवारीत दिसत नव्हत्या. महिन्याभराच्या अर्ध्या पोटाने तिच्या अंगावरून किती हजार उतरले, ते प्रत्येक जण मला बोटाने दाखवत होता.

शेवटी दलालाने रुमाल काढला. माझा हात त्याखाली घेतला आणि भाव सांगायला बोटं धरली. तीन. मी मान हलवली. रुमालाखाली त्याची बोटं पुन्हा हलली. वरून त्याचा चेहरा दुसरीकडेच बघत होता. लहानपणी मी आबांबरोबर बाजारात जायचो, तेव्हा या रुमालाखाली काय चालतं याचं मला केवढं कुतूहल होतं. विकणाऱ्याची लाज चारचौघांत उघडी पडू नये म्हणूनच ही रीत पडली असावी, असं आज वाटलं. गंगी ३४ हजारांना गेली. आणताना ६८ दिले होते. सोनी भाकड, तिला १९ च्या वर कोणी बोललं नाही.

दोघींचे ५३. पिकअपचे ७ हजार आणि दलाली वजा जाता ४५ हजारही उरले नाहीत. जानेवारीतल्या भावाच्या निम्मे. कर्जाचे दोन हप्ते फिटतील.

दावी मी सोडून घेतली. आमच्यात गाईबरोबर दावं देत नाहीत, घेणारा आपलं आणतो. गंगीला दुसऱ्या गाडीत चढवताना तिने मागे वळून पाहिलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी दावी गुंडाळत होतो आणि तीच बघत होतो.

परत येताना रिकाम्या गाडीत पुढे बसलो होतो. साखरप्याला चहा घेताना ड्रायव्हरला म्हणालो, “यंदा दुष्काळ आहे रे.” हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढला.

२३ एप्रिल

सकाळी चार बादल्या पाणी उरलं. हिने ते कलमांच्या रोपांना घातलं.

७ मे

मतदान करून आलो. रांगेत विषय गुरांचाच. एकाने आपले दोन्ही म्हातारे बैल रात्री महामार्गावर नेऊन सोडले, असं कळलं. पूर्वी कापणी झाली की गुरं उनाड सोडायचे, पण ती गावच्या रानात आणि संध्याकाळी परत यायची. आता रान राहिलं कुठे? सड्याखालच्या जमिनीत कलमं लागली, तारेची कुंपणं झाली. आणि नांगराला पॉवर टिलर आले.

मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. पवळ्या कसायाकडे जावा असं मला कधीच वाटलं नाही, मी त्याला पाडा असल्यापासून वाढवलंय. पण थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही आणि त्याच्यापुढे टाकायला वैरण कोणी दिली नाही, हेही तितकंच खरं. ज्याने बैल सोडले त्याला नावं ठेवणारे बरेच होते. मला ते जमलं नाही. तो घरी एकटा असतो, मुलगे मुंबईला. त्याच्याकडे २० भारेसुद्धा नव्हते.

२८ मे

गुरांचे डॉक्टर वाडीवर आले. १ जूनपासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येणार नाही. जर्सींना तो आधीच होता, आज कपिलीला, पाडीला आणि बैलांना मारला. पिवळा, बारा आकडी. पाडीने आकांत केला.

“विकायचीच नाहीत तर नंबर कशाला?” आबा म्हणाले.

मी बिल्ल्यांचे आकडे वहीत उतरून घेतले.

भातेण संपलं. रोज पहाटे फणस, उंबर, भेंड यांचा पाला काढतो. कपिली खाते. बैल वास घेतात, मग थोडं खातात.

७ जून

काल मान्सून रत्नागिरीत पोचल्याचं वेधशाळेने सांगितलं. आमच्याकडे रात्री अडीचला पाऊस सुरू झाला. उठून गोठ्यात गेलो. पागोळ्यांखाली बादल्या लावल्या, त्या पाहता पाहता भरल्या. दोन खुंट्यांमधल्या मोकळ्या जागेत पाणी गळत होतं. तिथे गंगी असती तर मी रात्रीच कौल सारखं केलं असतं.

सकाळी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यात बैल जुंपले. बाळ्या बरा चालला. पवळ्या तिसऱ्या फेरीला थांबला, तोंडाला फेस. जू उतरवून दोघांना बांधावरच्या कोवळ्या गवतात सोडलं. पॉवर टिलरवाल्याचा नंबर चार दिवसांनी लागेल म्हणाले. राहिलेला वाफा मी आणि हिने कुदळीने खणला. आबा बांधावर बसून ढेकळं फोडत होते.