शेवटचा मालक कोण?

एकाच ऑब्जेक्टची मालकी अनेकांनी वाटून घ्यायची आणि शेवटच्या मालकाने हात काढला की मेमरी मोकळी करायची, ही शेअर्ड पॉइंटरची कल्पना मला आजही आवडते. पण काही किलोबाइट रॅमच्या मायक्रोकंट्रोलरसाठी कोड लिहू लागल्यापासून मी तिच्याकडे जरा संशयाने पाहतो.

आक्षेप सहसा आकारावर घेतला जातो. 2011 च्या मानकात आलेला सी++ चा शेअर्ड पॉइंटर 32 बिटच्या प्रोसेसरवर साधारणपणे 8 बाइट घेतो, कारण त्यात दोन पॉइंटर असतात. किती मालक उरले याची मोजणी ठेवणारा कंट्रोल ब्लॉक हीपवर (प्रोग्राम चालू असताना मागून घ्यायच्या मेमरीत) असतो तो निराळाच. मेक-शेअर्ड हे फंक्शन वापरल्यास ऑब्जेक्ट आणि कंट्रोल ब्लॉक एकाच तुकड्यात मावतात, मात्र एखादा वीक पॉइंटर (मालकी न घेणारा पॉइंटर) उरला असेल, तर ऑब्जेक्ट नष्ट होऊनही तो अख्खा तुकडा अडकून राहतो. हा हिशेब निदान आधी मांडता येतो.

मोजणी ॲटॉमिक ठेवणे, म्हणजे ती बदलताना मध्येच कोणाला घुसू न देणे, त्याहून कठीण. कॉर्टेक्स-एम0 या छोट्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी लागणाऱ्या सूचनाच नाहीत, म्हणून इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) क्षणभर बंद करावे लागतात. रस्ट या भाषेने तर अशा प्रोसेसरसाठी प्रमाण लायब्ररीतला आर्क (ॲटॉमिक मोजणीचा शेअर्ड पॉइंटर) उपलब्धच ठेवलेला नाही, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटते.

खरी अडचण मला माझ्याच चुकीतून कळली. एक बफर मी मुख्य लूप आणि डीएमएचा (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या यंत्रणेचा) इंटरप्ट हँडलर यांच्यात वाटला होता. बहुतेक वेळा मुख्य लूपच तो शेवटी सोडत असे. क्वचित मात्र हँडलर शेवटचा ठरे, डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट करणारा कोड) तेथेच चाले, आणि मुख्य लूप हीपच्या मोकळ्या तुकड्यांच्या यादीत फेरबदल करता करता अर्ध्यावर थांबलेला असताना त्याच यादीला हात लागे. उपकरण कधीतरी गोठायचे, आणि डीबगर जोडला की शहाण्यासारखे चालायचे. मालकी वाटली म्हणजे मेमरी कोठे आणि केव्हा सुटेल, हे सांगणारे कोणीच उरत नाही.

मोजणीपुरती सावधगिरी लिनक्स कर्नलमध्ये दिसते: त्याने रस्टसाठी स्वतःचा आर्क लिहिला आहे. त्यात वीक संदर्भ नाहीत, आणि मोजणी मर्यादेपलीकडे गेली तर ती तेथेच थिजते: मेमरी गळते, पण वापरातली मेमरी मोकळी होत नाही.

मी बफरांचा ठरावीक संख्येचा पूल केला, मोजणी बफरच्या आतच ठेवली आणि हँडलरने बफर फक्त रांगेत टाकावा, सोडण्याचे काम मुख्य लूपनेच करावे, असा नियम घातला. त्यानंतर मोजणीचा आकडा कधी एकच्या वर गेलाच नाही, तेव्हा मी तोही काढून टाकला.