पट्टा पडेपर्यंत थांबणारी दाढ

“दुखत तर नाही, म्याडम. पट्टा पडल्यावर आलो अन् मग भरली तर चालंल का?” असे त्या ऊसतोड करणाऱ्या बाईंनी मुलीची दाढ तपासून झाल्यावर मला, दातांच्या डॉक्टरला, विचारले. पट्टा पडणे म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणे. टोळीच्या मुकादमाने ठरवलेला ट्रक त्याच रात्री निघणार होता. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असल्याने धारूरजवळच्या गावातून निघणे त्यांना टाळता येणार नव्हते. आठ वर्षांची मुलगीही कारखान्याच्या तळावर जाणार होती आणि हंगाम संपेपर्यंत तिचे तोंड कोणी तपासणार नव्हते.

मुलीच्या खालच्या दोन्ही पहिल्या कायमच्या दाढांना कीड होती. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे येते आणि तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरोघरी तिलाही दुधाचीच समजून सोडून दिले जाते.

डाव्या दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ आणि कडेला खडूसारखा पांढरा पट्टा होता, पण दात वाळवून बोथट सळईने चाचपल्यावर पृष्ठभाग अखंड लागला. वरच्या आवरणातच असलेली अशी कीड फ्लोराईडने आणि नीट घासण्याने थांबू शकते. शिवाय प्रत्येक डाग म्हणजे कीड नव्हे; आमच्याकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराईडनेही दातांवर तपकिरी डाग पडतात. डाग दिसताच ड्रिल उचलणाऱ्या सहकाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

उजव्या दाढेला टाचणीच्या डोक्याएवढेच भोक होते, मात्र भोवती आवरणाखालून करडी सावली दिसत होती. म्हणजे कीड आतल्या डेंटिनमध्ये उतरली होती. आवरणापेक्षा मऊ असलेल्या त्या थरात ती आतल्या आत पसरते आणि ठणका लागतो तो बहुतेकदा नसेजवळ पोचल्यावर. “दुखलं की या” हा सल्ला म्हणूनच घातक आहे. “ही थांबणार नाही, आत्ताच भरू,” असे मी आईला स्पष्ट सांगितले.

वीज गेलेली होती, त्यामुळे एक्स-रे शक्य नव्हता. दाढ भरणे मात्र हाताच्या हत्यारांनीही होते. भोकाची ठिसूळ कड मोडून चमच्यासारख्या एक्सकॅव्हेटरने मऊ डेंटिन काढले आणि कडा पूर्ण स्वच्छ केल्या. तळाशी नसेच्या बाजूचा चिवट थर मुद्दाम ठेवला, कारण तो खरवडताना नस उघडी पडण्याची भीती असते आणि वरून घट्ट बंद केल्यास खालच्या जंतूंचे अन्न तुटते. ग्लास आयनोमर या दात भरायच्या सिमेंटची पावडर आणि द्रव घोटून, मिश्रणावरची चकाकी जाण्याआधी ते खड्ड्यात भरले आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून धरले. मुलगी एकदाही रडली नाही. डाव्या दाढेला फ्लोराईड वार्निश लावले, मिश्री बंद करायला सांगितले आणि रात्री फ्लोराईडच्या पेस्टने घासून फक्त थुंकायचे, चूळ भरायची नाही, हे आईकडून वदवून घेतले.

डावी दाढही सिमेंटने बुजवायला हवी होती, असे माझ्या एका सहकाऱ्याचे मत आहे. गावातच राहणाऱ्या मुलाला मी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले असते आणि तेवढे थांबणे निर्धास्त असते; इथे बघणारेच कोणी नव्हते, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. टोळी परतताच मुलीला घेऊन या, असे गावच्या आशा सेविका ताईंना सांगून ठेवले आहे. रेघेच्या जागी खड्डा झाला असेल, तर ती दाढही त्याच दिवशी भरावी लागेल.