दीडकी-अडीचकी

दादा न्यू जर्सीला गेला तेव्हा आईला म्हणाला, "आपल्या वेळेतून साडेनऊ तास वजा कर, की माझी वेळ." आईने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. रात्रीच्या आठातून साडेनऊ वजा करायचे म्हणजे हातचे-उसने आले. चार दिवसांत तिने स्वतःची रीत काढली: अडीच तास मिळवायचे आणि रात्रीचा दिवस करायचा. आपले रात्रीचे आठ, त्याचे सकाळचे साडेदहा. तिकडची घड्याळं थंडीत तासभर मागे घेतात, तेव्हा अडीचच्या जागी दीड. शाळेत छड्या खाऊन घोकलेले दीडकी-अडीचकीचे, म्हणजे दीड-अडीचचे पाढे सत्तरी ओलांडल्यावर असे कामाला आले.

हा अर्धा तास मुळात आपलाच. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. नेपाळ आणखी पाव तास पुढे, म्हणजे पावणेसहा. साडे, पावणे, सव्वा बोलताना जीभ अडखळत नाही त्या माणसांना यात अवघड ते काय!

लंडनसाठी तर आकडेमोडही नको. हिवाळ्यात मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं. इथले दोन वाजलेले असले, तर तिथले साडेआठ दिसतात. मोबाइलवर हे जमत नाही.

आईला घड्याळांच्या भांडणाचं नवल नाही. 1906 साली देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबई 39 मिनिटं मागे असलेली आपली 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत धरून बसली होती. म्हणजे आईच्या लहानपणी वेळ विचारली की "कुठली?" असा उलटा प्रश्न यायचा. त्यासाठी अमेरिकेत भाऊ असावा लागत नव्हता.

तरीही 2024 च्या भाऊबीजेला आम्ही फसलोच. व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं ठरलं होतं. दादाचे सकाळचे नऊ, म्हणून अडीचकीने आमचे संध्याकाळचे साडेसहा. तबक तयार, निरांजन लावलेलं, पाटासमोर मोबाइल डब्याला टेकवून उभा. दादाचा पत्ता नाही. नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्यांची घड्याळं त्याच पहाटे मागे गेली होती. तिथे आठच वाजले होते आणि स्वारी अंथरुणात.

"अगं, आजपासून दीडकी!" आईने कपाळावर हात मारला. मग निरांजनात पुन्हा तूप घातलं, आणि तो उठेपर्यंत आम्ही दोघींनी त्याच्या वाटचे करंजी-चकली खायला घेतली.