एसआरटी 53ची तयारी, आठवडा 11: डाव्या अंगठ्याचं कोडं सुटलं

मंडळी, नऊ मिलिमीटर! तीन महिने ज्या गोष्टीने माझ्या डाव्या पायाचा अंगठा काळानिळा करून ठेवला ती गोष्ट नऊ मिलिमीटरची निघाली आणि ती शूजच्या साइजमध्ये नव्हतीच. (नवीन वाचकांसाठी: एसआरटी 53 म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा ही डिसेंबरातली 53 किमीची डोंगरातली शर्यत, तिची ही तयारी.)

गेल्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगडाचे तीन रिपीट केले, म्हणजे तीनदा चढून उतरले. पहाटे गवत दवाने चिंब होतं, त्यामुळे पहिल्याच चढाला शूज आतून ओले झाले ते शेवटपर्यंत ओलेच राहिले, आणि तिसऱ्या उतारावर नेहमीचा ठणका सुरू झाला. घरी येऊन शूज धुवायला घेतले, डाव्या शूजमधला इनसोल (आतला सुटा, मऊ तळ) उपसायला हात घातला तर टाचेकडे करंगळीचं टोक जाईल एवढी फट. इनसोल अख्खाच्या अख्खा पुढे सरकलेला, आणि पुढे जागा नाही म्हणून बोटांखाली त्याची वळी पडलेली. म्हणजे मी टो बॉक्समध्ये (शूजच्या बोटांकडच्या भागात) अंगठ्याएवढी जागा आहे असं समजत होते आणि प्रत्यक्षात उतारावर ती जागा समोरून आणि खालून दोन्हीकडून खाल्ली जात होती. मी तिथेच बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिले थोडा वेळ.

आधीचे अपडेट वाचलेत त्यांना माहितीये मी काय काय करून बसलीये, तरी एकदा सलग लिहिते, कारण यातलंच कुणीतरी आत्ता करत असेल.

पहिला संशय अर्थातच साइजवर. यूके साडेसहावरून सातवर गेले. आता बायकांच्या ट्रेल शूजमध्ये सात मागा म्हणजे दुकानात "मॅडम, सहाच्या वर स्टॉक येत नाही" हे ठरलेलं उत्तर, दोन ठिकाणी ऐकलं. मग जेन्ट्सचा सात घेतला. जेन्ट्सचा साचा रुंद असतो, त्यामुळे पुढे मोकळं वाटलं पण टाच आत डुगडुगायला लागली, आणि कात्रज ते सिंहगड केलं तेव्हा त्या टेकड्यांच्या चढ-उतारात टाचेला रुपयाएवढा फोड. दुकानवाल्यांना माझी खरंच विनंती आहे, मोठ्या पावलाच्या बायकाही डोंगरात पळतात, चार जोड तरी ठेवा.

मग लेसिंग. शेवटच्या होलांतून लूप काढून टाच बांधायची ती पद्धत, जी सगळेच सांगतात. टाच बसली, पण पावलाच्या वरच्या बाजूला इतका दाब आला की तासाभराने बोटं बधिर. मग मधली एक जोडी होल सोडून बांधलं, ते चांगलं जमलं आणि ते मी ठेवलंय, अंगठा मात्र तसाच.

मग सॉक्स. पाच बोटांचे टो सॉक्स घेतले आणि हा खर्च मात्र सोन्यासारखा निघाला, बोटांमधले फोड पूर्ण बंद, ऑगस्टपासून एकही नाही. नखं दर गुरुवारी कापते, वीकेंडच्या आधी दोन दिवस, म्हणजे कडा बोचत नाहीत. किनेसिओ टेप पण लावून पाहिली, ओल्या पायावर अर्ध्या तासात सुटते.

मग उतरायची पद्धत. ग्रुपमधल्या एका दादांनी दोन रविवार माझ्यामागून उतरून पाहिलं आणि म्हणाले की तू मागे रेलून टाचेने ब्रेक मारत उतरतेस, त्यामुळे प्रत्येक पावलाला पाय शूजमध्ये पुढे आपटतो. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, नजर चार पावलं पुढे. हे घोटवून घोटवून माझा उतरायचा वेळ एकतीस मिनिटांवरून सत्तावीसवर आला. घसाऱ्यावरची भीती पण बरीच गेली, आता मुरूम पायाखालून सरकला तरी अंग आखडत नाही, त्याच्याबरोबर थोडं वाहत जायचं हे पायांना कळलंय. ह्या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. पण अंगठा? तो काही बधला नाही.

आता रविवारी इनसोल हातात धरून बसल्यावर डायरी काढली. मी प्रत्येक रनचं दोन ओळी का होईना लिहिते, कोणता रस्ता, किती चढ, काय खाल्लं, काय दुखलं. नख दुखलं असं लिहिलेले सात दिवस सापडले आणि त्यातल्या सहा दिवशी शूज ओले होते. पाऊस, ओढा, दव, काहीतरी होतंच. तीन महिने उत्तर माझ्याच अक्षरात समोर होतं. कोरडा इनसोल खालच्या कापडाला थोडाफार धरून राहतो, मधे पाणी गेलं की गुळगुळीत होतं, आणि तासभर उतार म्हणजे हजारो पावलं त्याला पुढे ढकलतात.

आणि डावाच का, हे पण बहुतेक कळलं. उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी दुखावला होता, तेव्हापासून मोठी पायरी आली की मी आपोआप डावा पाय खाली टाकते. आतकरवाडीच्या वाटेवर गुडघाभर उंचीचे दगड कितीतरी आहेत. सगळा आपटा डाव्यावर.

तरी नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून मोजलं. शूजच्या आत टाचेपाशी, इनसोल जिथे संपतो तिथे बॉलपेनने रेघ मारली, दोन्ही शूजमध्ये. मंगळवारी कोरड्या शूजने एक उतार: डावा दोन मिमी, उजवा एक. मग खाली येऊन दोन्ही शूजमध्ये बाटलीतलं पाणी ओतलं, परत वर, परत खाली: डावा सात, उजवा तीन. मधे जागेवर न बसवता तसंच तिसऱ्यांदा: डावा नऊ, उजवा चार. पार्किंगमध्ये शूज काढून आत पट्टी घालून मोजताना दोघातिघांनी थांबून विचारलं काय हरवलंय का.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर ग्रुपमध्ये विचारलं तर आणखी दोघांचे इनसोल सरकलेले निघाले, दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे. बऱ्याच शूजमध्ये इनसोल नुसता ठेवलेला असतो, काहींत टाचेला गोंदाचा ठिपका असतो जो दोन धुण्यांत जातो. सगळ्यांनी आज आपापल्या शूजमध्ये हात घालून बघा, खरंच बघा.

आता उपाय. पहिला, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कार्पेटवाली. कोरडं असेपर्यंत छान, पाणी ओतल्यावर अर्ध्या वाटेत गोळा होऊन पायाखाली आली. बाद.

दुसरा, आमच्या कोपऱ्यावर चप्पल-बूट दुरुस्त करणारे काका बसतात त्यांच्याकडे गेले. नवा जोड द्यायची छाती झाली नाही म्हणून जुना, सहाशेच्या वर किलोमीटर झालेला जोड दिला. काकांनी आधी विचारलं, "ताई, हे एकदा चिकटलं की परत सरळ निघायचं नाही, चालेल ना?" मी हो म्हणल्यावर त्यांनी तळ आणि इनसोलची खालची बाजू पॉलिश पेपरने खरबरीत केली, दोन्हीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा पातळ हात दिला, आणि लगेच चिकटवलं नाही, दहा मिनिटं तसंच सुकू दिलं. मग एकदाच दाबून बसवलं आणि आत हात घालून टाचेपासून पुढे घासत नेलं. किती शांतपणे करतात ते काम! पैसे घेतले चाळीस रुपये. मी ह्याच अंगठ्यापायी आत्तापर्यंत काही हजार घालवलेत.

बुधवारी सकाळी त्या जोडाने दोन रिपीट, शूज मुद्दाम सुरुवातीलाच भिजवून. रेघ जागच्या जागी. शून्य! नख दाबून पाहिलं, काही नाही. वर अर्ध्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी आता ओळखतात, म्हणाल्या, "आज हसत उतरतीयेस गं." दोन ग्लास प्यायले. आणि चढ चव्वेचाळीस मिनिटांत झाला, साधारण पावणेतीन किमीत सहाशे मीटरच्या आसपासचा चढ आहे तो, जूनमध्ये मला त्याला त्रेपन्न लागत होती.

पण ह्यात एक गोम आहे. चिकटवलेला इनसोल बाहेर काढता येत नाही, त्यामुळे शूज वाळायला दोन दिवस लागले, पंख्याखाली ठेवून, वर्तमानपत्र कोंबून. बॅक टू बॅक रन असेल तर शनिवारचा ओला शूज रविवारी घालायचा म्हणजे फोडांना आमंत्रण. नवा जोड काकांकडे न्यावा की नको यावर काल रात्रीपर्यंत अडून होते. मनात होतं की टाचेकडचा अर्धाच भाग चिकटवावा आणि पुढचा मोकळा ठेवावा, म्हणजे तेवढा तरी उचलून वारा लागेल.

हे इथपर्यंत लिहिलं आणि चहा ठेवायला उठले, चमच्यांचा ड्रॉवर उघडला आणि त्यात खाली अंथरलेली ती जाळीदार रबराची मॅट दिसली, भांडी सरकू नयेत म्हणून घालतात ती. चहा गार झाला. इनसोल कागदावर ठेवून आखलं, त्याच आकाराचे दोन तुकडे कापले, पुढून बोटांच्या भागाचे वगळले म्हणजे तिथे जाडी वाढायला नको, आणि इनसोलच्या खाली घातले, गोंद काही नाही. शूज नळाखाली धरून ओले केले आणि बिल्डिंगच्या जिन्याने सात मजले खाली-वर, दहा वेळा. वॉचमनकाकांनी लिफ्ट बंद आहे का म्हणून विचारलं. रेघेपासून एक मिमी. ओल्यात एक मिमी! आणि मॅट काढता येते, धुता येते, जाळी असल्यामुळे पाणी खाली उतरतं. जिना म्हणजे डोंगर नाही हे मान्य, खरी परीक्षा रविवारी. पण नवा जोड आता काकांकडे जात नाही, मॅटच घालून पळणार.

यामुळे बाकीचे बेत पण बदलले. मागच्या वेळी लिहिलं होतं की अर्धा साइज मोठा दुसरा जोड घेणार आणि राजगडाच्या सुमारास कुणाकडून तरी तो मिळेल अशी सोय बघणार. रद्द. ते पैसे आता पोल्सना, म्हणजे हातात धरून चालायच्या काठ्यांना. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाने उतरून विंझर-साखरकडे जाताना जो सपाटीचा पट्टा आहे तिथे त्यांचा उपयोग नाही, पण राजगडाच्या चढाला आणि नंतर तोरण्याच्या शेवटच्या चढाला, जेव्हा मांड्या संपलेल्या असतात, तेव्हा हातांनी थोडं तरी ओझं घ्यावं असं आता वाटायला लागलंय.

पाच मिमी लगवाला (लग म्हणजे शूजच्या तळाचे रबरी दाते) जोड घ्यायचा विचारही मागे पडलाय. पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावर, चिखलात, खोल लग हवेतच, तिथे वाद नाही. पण डिसेंबरात आपल्याकडे जमीन कोरडी, वर धूळ, मुरूम आणि मधेमधे उघडा कातळ. कातळावर लग किती खोल यापेक्षा रबर कसलं आहे आणि किती रबर दगडाला टेकतंय हे महत्त्वाचं, खोल आणि विरळ लग कडक दगडावर टोकांवर उभे राहतात आणि हलतात. मैत्रिणीचा स्पीडगोट (होका कंपनीचा ट्रेल शूज) घालून मी ओल्या कातळावर चालून पाहिलं होतं, त्याचं मेगाग्रिप रबर खरंच धरतं, पण ते रबराचं कौतुक आहे, लगच्या खोलीचं नाही असं माझं मत झालंय. माझ्या सध्याच्या शूजचे साडेतीन मिमी लग डिसेंबरला पुरतील. झीरो ड्रॉप, म्हणजे टाच आणि बोटं एकाच उंचीवर ठेवणारा शूज, माझ्या पोटऱ्यांना मानवत नाही, त्यामुळे रुंद टो बॉक्ससाठी तिकडे जा असं ज्यांनी सुचवलं त्यांचे आभार, पण आता गरजही उरली नाही.

खाण्याचं थोडक्यात: खजूर आणि राजगिरा लाडू तीन तासांपर्यंत उत्तम, नंतर तोंड कोरडं पडतं आणि लाडू घशाखाली जात नाही. त्यानंतर मीठ लावलेला उकडलेला बटाटा, यावर शिक्कामोर्तब. सॉफ्ट फ्लास्क (पाण्याच्या मऊ बाटल्या) डेकॅथलॉनचे वापरतीये, पाचशे मिलीचे दोन, सहा महिने झाले गळत नाहीत, एकात साधं पाणी आणि एकात इलेक्ट्रॉल.

ह्या आठवड्याचा चढ एकूण बावीसशे मीटर झाला, ठरवलं होतं अडीच हजार. राहिलेले तीनशे मी मागे ओढत आणणार नाही, कारण रविवारी मोठा दिवस आहे. आधी वेताळ टेकडीवर चार तास करायचे असं ठरलं होतं, पण मॅटची खरी परीक्षा लांब उतारावरच होणार म्हणून बेत बदलून गुंजवण्यातून राजगड, संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने खाली, धारेने तोरणा आणि वेल्ह्यात उतरायचं असं करतीये. शूज सुरुवातीलाच भिजवणार. बॉलपेनची रेघ परत गडद केलीये आणि छोटी पट्टी पळायच्या व्हेस्टच्या खिशात टाकलीये, आळू दरवाजाच्या खाली एकदा आणि वेल्ह्यात एकदा मोजेन.

गेल्या पंधरा दिवसांत कुणी त्या राजगड-तोरणा धारेवरून गेलं असेल तर दोन गोष्टी सांगा: डांबरी रस्ता ओलांडल्यावर तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना गवत किती उंच आहे, वाट दिसतीये का, आणि मधे कुठे पिण्याजोगं पाणी आहे का की दोन लिटर इथूनच उचलून न्यायचं.