रिसीटमधल्या पीचं काय करायचं?

"बोलताना रिसीट म्हणायचं, मग लिहिताना मध्ये पी कशाला?" मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, आणि हा प्रश्न आला नाही अशी एकही तुकडी आठवत नाही. पूर्वी मी "सायलेंट आहे तो, पाठ करा" म्हणून वेळ मारून न्यायचे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

तो पी जन्मापासूनचा नाही. शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि सुरुवातीला लोक तो बोलायचे तसाच, बहुधा पीविना, लिहायचे. पुढे लॅटिनचा सोस असलेल्या पंडितांना त्याचं मूळ आठवलं: रेसेप्टा. मुळात पी आहे ना, मग लिहिण्यातही हवा! लेखणीने ऐकलं, जीभ काही बधली नाही. कर्ज या अर्थाच्या डेटमधला बी आणि शंकेच्या डाउटमधला बी हेही असेच मागाहून घुसवलेले. १५९८ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' नाटकात होलोफर्नीस नावाचा पंतोजी आहे. लोक हे बी उच्चारत नाहीत म्हणून तो चरफडत असतो. माझ्याच जातीचा माणूस.

बरं, पंडितांनी काम पुरतं तरी करावं! फसवणुकीचा डिसीट आणि घमेंडीचा कन्सीट हे रिसीटचे सख्खे भाऊ. लॅटिन मूळ एकच, पण पी कायमचा चिकटला तो एकट्या रिसीटला. तेव्हा यात नियम शोधू नका.

आणि इंग्रजीला फार हसूही नका. आपले आजोबा 'नांव', 'गांव', 'पांच' असं लिहायचे. ते अनुस्वार कुणी उच्चारत नव्हतं. नामन्, ग्राम, पञ्च यांची ती आठवण होती. मराठी शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी ते गेले. इंग्रजीत असं कुणी केलं नाही, एवढाच फरक.

स्पेलिंगमध्ये खरं पाय घसरायचं ठिकाण पी नाहीच. सीनंतर आधी ई, मग आय. हे उलटं लिहिणारे मला पी विसरणाऱ्यांपेक्षा जास्त भेटतात.

अर्थाचं म्हणाल तर बिल म्हणजे पैसे मागणं आणि रिसीट म्हणजे मिळाल्याचं कबूल करणं. 'पावती'ही 'पावणे'मधूनच आली, म्हणजे पोचणे, मिळणे. पत्र मिळाल्याचं कळवताना इंग्रजीत 'ॲक्नॉलेज रिसीट' म्हणतात, तेव्हा कागद मागितलेला नसतो. नुसती पोच हवी असते. अनेकवचनी रिसीट्स म्हणजे हिशेबातली जमा. हल्ली तरुण मंडळी भांडणात "रिसीट्स दाखव" म्हणतात, म्हणजे पुरावा दे, स्क्रीनशॉट काढ.

एक अर्थ मात्र हातचा गेला. १८व्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत पदार्थाच्या कृतीला सर्रास रिसीट म्हटलेलं दिसतं. ती जागा पुढे रेसिपीने घेतली, आणि तीही त्याच घरातली. लॅटिनमध्ये 'रेसिपे' म्हणजे 'घे'. वैद्य औषध बनवणाऱ्याला लिहायचा: घे हे इतकं, घे ते तितकं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर पायावर काट मारलेला आर असतो ना, तो त्याच 'घे'चा.